नंदीला मनाई

“बैल बाहेर सोडा आणि गाडी आत घ्या,” फाटकावरचा किसनमामा म्हणाला.

आमचे अण्णा कासरा हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले. “आणि गाडी ओढायची कुणी? मी?”

“ते तुमचं तुम्ही बघा, पाटील. पण जनावर फाटकाच्या आत जाणार न्हाई. पाटी वाचा.”

पाटी मोठी होती, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. ‘महाविद्यालयाच्या व वसतिगृहाच्या आवारात कोणत्याही प्रकारचे जनावर आणण्यास, बांधण्यास अथवा त्यास खाऊ घालण्यास सक्त मनाई आहे.’ अण्णांनी ती दोनदा वाचली. मग मुकाट्यानं बैल सोडले, रस्त्यापलीकडच्या चिंचेला बांधले, आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूनं किसनमामानं खांदा दिला. माझी ट्रंक, वळकटी आणि ज्वारीचं पोतं असलेली ती गाडी दोघांनी ओढत वसतिगृहाच्या पायरीपर्यंत नेली. मी मागून ढकलत होते आणि वरच्या खिडक्यांतून पोरी फिदीफिदी हसत होत्या. कॉलेजातला माझा पहिला दिवस असा साजरा झाला.

आवाज ऐकून निमगावकर बाई बाहेर आल्या. त्या आमच्या रेक्टर. उंच, काटक, सुती लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. अण्णांना वाटलं आता तरी बाई दिलगिरी व्यक्त करतील. बाईंनी एवढंच विचारलं, “बैलांना पाणी दाखवलंत का?” आणि दोन बादल्या भरून बाहेर चिंचेखाली पाठवल्या.

परत निघताना अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, “कुंदा, बाई जनावराच्या वाइटावर नाही. पाणी पाजायची आठवण ठेवते. मग ही पाटी कशाला, ते काही कळलं नाही बुवा.”

मलाही कळलं नाही. कुणालाच कळलेलं नव्हतं. पण नियम होता आणि बाई तो पाळायला लावत. एका मुलीनं पिंजऱ्यातला पोपट आणला, तो त्याच गाडीनं परत गेला. मेसमागे व्यालेली मांजर पिलांसकट टोपलीत बसवून नदीपलीकडच्या तेल्याच्या घाण्यावर पोचवण्यात आली. शास्त्र शाखेचे बेडूक तेवढे सुटले होते, कारण ते बाटलीत मेलेलेच येत. प्राचार्य बाईंना वचकून असत. बाईंनी लिहून दिलं आणि त्यांनी खाली सही केली, असं सगळे म्हणत.

बाईंबद्दल आणखी एक गोष्ट सगळे म्हणत, पण ती दबक्या आवाजात. त्यांचे यजमान याच कॉलेजात भूगोल शिकवायचे. एका सकाळी पेपर तपासायच्या कामासाठी ते एस्टीनं शहराला निघाले. “दुपारच्या गाडीनं येतो,” म्हणाले. शहरात पोचले नाहीत आणि परतही आले नाहीत. कुणाशी वैर नाही, घरात भांडण नाही, अपघाताची खबर नाही. नदी, विहिरी, दवाखाने, सगळं पालथं घातलं गेलं. छत्रीसुद्धा सापडली नाही. तेव्हापासून दुपारची गाडी वळणावर घरघरली, की बाई बोलता बोलता थांबत. कितीही महत्त्वाचं बोलणं असो, वाक्य अर्धवट राही. गाडी थांबे, माणसं उतरत, गाडी पुढे जाई, आणि मग बाई जिथे थांबल्या होत्या तिथून बोलू लागत. नव्या पोरी याची नक्कल करत. पहिल्या वर्षी मीही केली. नंतर करवेना, कारण त्या थांबण्यात आपणही रस्त्याकडे कान लावतो, हे लक्षात आलं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. गॅदरिंग एका दिवसावर आलं होतं. मी आणि माझी खोलीतली मैत्रीण प्रभा कोकाटे बाईंच्या खोलीबाहेरच्या पडवीत पताका चिकटवत बसलो होतो. आत बाईंचे दीर आले होते. दार लोटलेलं, पण आवाज येत होते.

“वहिनी, बारा वर्षं झाली. आता शास्त्रही थांबा म्हणत नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करू, मंत्राग्नी देऊ, दिवस घालू. येत्या अमावास्येला गोदेवर सगळी व्यवस्था केली आहे. फक्त तुम्ही हो म्हणायला हवं.”

“आणि ते आले तर?”

“वहिनी...”

“नाही, मला सांगा भाऊजी. जिवंत माणसाचे दिवस घातले आणि तो दारात आला, तर त्यानं कुठे जायचं? कुणाच्या घरी?”

दीर म्हणाले, “आईला तो स्वप्नात दिसतो. रोज. पाणी मागतो आणि आईच्या हातचा तांब्या त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणते, पोर मधेच अडकलंय, ना इकडे ना तिकडे. त्याला सोडवा. तिची घटका भरत आली आहे, वहिनी. मी तिला काय सांगू?”

बाईंचं उत्तर आलंच नाही. वळणावर गाडी घरघरत होती.

गाडी गेल्यावर दीर उठले. “परवा येतो. तेव्हा मात्र सांगा,” म्हणाले. आम्ही पताकांवर डोकी घालून बसलो. ते गेले, आणि प्रभा डोळे पुसत म्हणाली, “हा कोण लागून गेला बाईंचं कुंकू पुसायला सांगणारा!” प्रभाचं असंच होतं. कुणाचंही दुःख दिसलं, की ती आधी रडे आणि मग काहीतरी उपद्व्याप करी.

उपद्व्याप करायला कारण त्याच दिवशी फाटकावर येऊन उभं राहिलं. आम्ही बाजारातून खळ आणायला निघालो, तर किसनमामा फाटकाबाहेर एका नंदीबैलाच्या पायांवर डोकं ठेवत होता. पाठीवर विटकी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात कवड्यांच्या माळा. बैल म्हातारा होता, डोळ्यांखाली ओघळ सुकलेले. शेजारी त्याच्याइतकाच म्हातारा नंदीवाला, गळ्यात ढोलकं. पाया पडून झाल्यावर किसनमामानं खिशातली शेंगदाण्याची पुडी नंदीवाल्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “व्यंकूबाबा, नका थांबू. आत सोडायचा हुकूम न्हाई.”

“दर साली ह्येच सांगतोस किसना.”

“दर साली ह्येच सांगाया लागतं.”

नंदी गेला. किसनमामा बराच वेळ त्याच्या वाटेकडे बघत राहिला. प्रभानं छेडलं, “मामा, पाया पडायचं आणि हाकलायचं, हे कसलं देवभोळेपण?”

“थट्टा नको पोरी. ह्या नंदीचं बाईंवर लई उपकार हाईत.” मग त्यानं सांगितलं. सर गेले त्या साली व्यंकूबाबा हाच नंदी घेऊन वसतिगृहाच्या पायरीपाशी आला होता. सगळ्यांनी बाईंना पुढे केलं. बाईंनी विचारलं, “ते आहेत का?” ढोलकं घुमलं आणि नंदीनं मान डोलावली. “त्या दिवसापास्नं बाईनं कुंकू जपलं. सासरच्यांनी किती सांगितलं, पण न्हाई. नंदीनं हो म्हनलंय, एवढंच.”

“मग त्यालाच बंदी?”

“फुडल्या साली पाटी लागली. का, ते मला इचारू नगा. मी फाटकाचा माणूस.”

आम्ही खळ विसरलो. प्रभा वाटेतच थांबली आणि माझा दंड धरून म्हणाली, “कुंदे, परवा तो दीर येणार. त्याच्या आधी नंदीनं पुन्हा हो म्हणायला हवं. बारा वर्षांपूर्वीचं हो शिळं झालंय गं. बाईंना ताजं मिळालं, की त्या कुणाच्या बापाला भीक घालायच्या नाहीत.”

हे तेव्हा मला अगदी बिनतोड वाटलं. वीस वर्षांच्या मुलींना दुसऱ्याच्या आयुष्यातलं सगळं सोपंच दिसतं.

व्यंकूबाबा चौकात सापडला. आम्ही आमची अडचण सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. दात नव्हतेच. “त्यात काय पोरींनो? म्हणंल की हो. नंदी थट्टेला न्हाई म्हनतो. कुकवाला आन् लेकराला कवा न्हाई म्हनत न्हाई. तसं केलं तर आमाला दारात कोन उभं करंल?”

“नक्की?”

“आवं, ह्यो माझ्या हाताखाली वाढला. माझं बोट हललं, की त्याची मान हलती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅदरिंगचा ‘लोककला’ कार्यक्रम वसतिगृहाच्या अंगणात होता. किसनमामाला फाटकावर चहा देऊन बोलण्यात गुंतवायचं काम एका मुलीकडे दिलं. मेसची लाकडं यायच्या मागच्या दारानं प्रभानं नंदी आत आणला. गुबूगुबू आवाज घुमला, घुंगरं वाजली, आणि अंगणातल्या शंभर पोरी एकदम किंचाळल्या तेव्हा मीही किंचाळले.

व्यंकूबाबानं रंग भरायला आधी थट्टा केली. “ही कोकाट्याची पोर इंग्रजीत पास व्हईल का?” नंदीनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. हसून हसून पोरींची मुरकुंडी वळली. “हिचं लगीन व्हईल का?” नंदी डोलला. “नवरा चांगला मिळंल का?” नंदी थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि फुसकारला. पुन्हा हशा.

हशा कुठून तरी कडेनं थांबत थांबत आला. मागे वळून पाहिलं, तर पायरीवर बाई उभ्या होत्या.

मला वाटलं होतं त्या रागावतील. राग असता तर बरं झालं असतं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि एक हात खांबाला धरला होता. रेक्टर बाईंना कशाची तरी भीती वाटू शकते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. प्रभाला खूण करावी, हे थांबवावं, असं मनात आलं. पण तेवढ्यात व्यंकूबाबा ठरल्याप्रमाणे नंदीला घेऊन पायरीपाशी पोचला होता.

“ह्या माऊलीच्या मनात एक सवाल हाय,” तो नेहमीच्या हेलात म्हणाला. “म्हादेवाच्या नंद्या, ह्या माऊलीचं कुकू शाबूत हाय का? सांग!”

ढोलकं घुमलं. गुबूगुबू, गुबूगुबू.

नंदी उभा राहिला.

पोरींना वाटलं, हाही खेळाचाच भाग. एक-दोघी हसल्या. व्यंकूबाबानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. पुन्हा ढोलकं. नंदी बाईंकडे बघत होता. डोळे ओले, कान स्थिर, शेपूटसुद्धा हलत नव्हती. आता व्यंकूबाबानं कासऱ्याला झटका दिला, तो मला स्पष्ट दिसला. मग दुसरा, जोरात. मग त्याच्या बोलीत तो बैलाला काहीतरी म्हणाला. आधी दरडावून, मग हळू, विनवण्या केल्यासारखं. त्यातला एक शब्दही आम्हाला कळला नाही, पण त्याचा आवाज फाटला होता, ते कळलं. त्यानं वेसण धरून मान खाली ओढली. बैलानं चारी पाय रोवले. नाकपुडीतून रक्ताचा एक थेंब पायरीवर पडला.

“पुरे,” बाई म्हणाल्या. “ओढू नका त्याला.”

“पाणी पाजा आणि घेऊन जा,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. नंदी अंगणातून निघाला तेव्हा घुंगरं वाजत होती आणि पोरी भिंतीला लागून उभ्या राहून त्याला वाट देत होत्या. प्रभा रडलीही नाही. रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि मी पडल्या पडल्या तो बैल चारी पाय रोवून उभा असलेला बघत होते. डोळे मिटले तरी दिसायचा.

सकाळी बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. आम्ही गेलो. कपाळावर कुंकू होतं. ते पाहून मला इतकं हायसं झालं, की आता वसतिगृहातून काढून टाकलं तरी चालेल, असं वाटलं.

“कुणी ठरवलं होतं हे?” बाईंनी विचारलं.

“मी,” प्रभा म्हणाली.

“दोघींनी,” मी म्हणाले.

“भाऊजींचं बोलणं ऐकलंत म्हणून?”

आम्ही माना खाली घातल्या. तेवढ्यात किसनमामा दारात आला. त्याच्यामागे व्यंकूबाबा होता. ढोलकं नाही, बैल नाही, फेटाही हातात. एका रात्रीत माणूस किती खचतो ते त्याच्याकडे पाहून कळत होतं. तो उंबऱ्याबाहेरच खाली बसला.

“बाईसायब, माफी मागाया आलो. नंदी काय बोलत नसतो. आमीच बोलतो. आमचं पोट त्याच्यावर. कालचं मनावर घेऊ नगा.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“तुम्ही बोलता ते. त्या वर्षी तुम्ही इथे पायरीशी उभे होतात. मी नंदीकडे बघत नव्हते, तुमच्या बोटांकडे बघत होते. करंगळीनं कासरा ओढलात. हो तुम्ही म्हणालात.”

व्यंकूबाबाचं तोंड उघडं राहिलं. प्रभानं माझा हात घट्ट धरला.

“तरी बी तुमी...”

“तरीसुद्धा. त्या दिवसांत मला कुणीच हो म्हणत नव्हतं. पोलीस नाही, सासरचे नाही, माहेरचे नाही. तुम्ही एक परका माणूस, माझी दया आली म्हणून हो म्हणालात. मी ते घेतलं. दुसरं काय होतं माझ्याजवळ? पण पुन्हा विचारायचा धीर नव्हता. पुढच्या वर्षी तुम्ही येणार, पोरी मला पुढे करणार, आणि तुमचं बोट चुकलं तर? दारात आलेल्या नंदीला किसन हाकलणार नाही, तो पाया पडेल. त्याच्या हातात काहीतरी नियम हवा. एकट्या नंदीला मनाई केली असती, तर सगळ्या गावानं कारण विचारलं असतं. म्हणून मी सगळ्याच जनावरांना केली. कुणी काही विचारलं नाही.”

किसनमामा भिंतीला टेकला होता. इतकी वर्षं जी पाटी सांभाळली, ती कशाची होती हे तोही आमच्याबरोबरच ऐकत होता.

“पण काल,” बाई पुढे झुकल्या, “काल तुम्हाला हो म्हणायचं होतं ना? या पोरींनी तसंच ठरवलं होतं ना?”

“व्हय.”

“तुम्ही कासरा ओढलात.”

“ओढला. वेसण बी ओढली. रगत आलं.”

“म्हणजे बारा वर्षांपूर्वीचं हो तुमचं होतं. मग कालचं ते गप्प राहणं कुणाचं होतं, व्यंकूबाबा?”

तो हातातला फेटा चुरगाळत म्हणाला, “त्येच इचाराया मी आलो हुतो बाईसायब. माफीचं निमित्त. कालपास्नं त्यो उभाच हाय. बसला न्हाई, वैरणीला तोंड लावलं न्हाई. माझी बायकू म्हनती, त्याच्यापाशी जाऊ नगा. आमाला भ्या वाटतं त्याचं. आमच्याच जनावराचं.”

बाई उठल्या. पायांत चपला घातल्या. “कुंदा, तू चल माझ्याबरोबर. प्रभा, तू थांब. भाऊजी आले तर त्यांना बसायला सांग.”

नंदीवाल्यांची पालं नदीच्या काठाला, बाभळींच्या आडोशाला पडली होती. चुलींचा धूर होता, कोंबड्या फिरत होत्या, पण माणसं सगळी एका बाजूला गोळा झालेली. दुसऱ्या बाजूला नंदी एकटा उभा होता. झूल नाही, गोंडे नाहीत, कवड्या नाहीत. नुसता एक पांढरा म्हातारा बैल, बरगड्या दिसणारा. त्याला असं उघडं पाहून मला का कोण जाणे रडू आलं.

“कासरा सोडा,” बाई म्हणाल्या.

“बाईसायब...”

“सोडा. वेसणीतून काढा. आणि तुम्ही सगळे मागे व्हा, मला दिसणार नाही इतके मागे.”

व्यंकूबाबानं कासरा काढला. काढताना त्याचे हात बैलाच्या तोंडाला लागू नयेत म्हणून तो किती जपत होता. मग तो मागे सरला. मी सरले नाही. बाईंनी मला जा म्हटलं नाही.

बाई बैलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी देवाला करतात तसा नमस्कार केला नाही. शेजारच्या माणसाशी बोलावं तशा त्या बोलल्या.

“मी आजवर उलटं विचारत आले,” त्या म्हणाल्या. “ते आहेत का, असं विचारत होते. त्याला तू गप्प राहिलास. आता सरळ विचारते. गेले का रे ते?”

पाण्यावरून वारा येत होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

बैलानं मान खाली घातली. सावकाश, जवळजवळ गुडघ्यापर्यंत. मग वर केली. आणि पुन्हा एकदा खाली घातली.

मागे बायकांत कुणीतरी हंबरडा फोडला आणि दाबला. सर कधीही परत आले नाहीत, त्यांची काही खबरही कधी लागली नाही. म्हणून मी आजही स्वतःला विचारते, की त्या वेळी बैलाच्या मानेवर माशी बसली होती का. साधी माशी. ती मी पाहिली नाही. मी बाईंकडे पाहत होते.

बाईंनी आपल्या कपाळाला अनामिका लावली. कुंकू मेणावर घट्ट बसवलेलं असायचं, पटकन निघेना. त्यांनी बोट दाबून, फिरवून ते सगळं काढून घेतलं आणि बैलाच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधे, लावलं. हात बराच वेळ तिथेच ठेवला. बैल हलला नाही. मग त्याचे पुढचे गुडघे वाकले, आणि आदल्या दुपारपासून उभा असलेला तो बैल फुसकारत खाली बसला.

“त्याला वैरण घाला,” बाई म्हणाल्या. “आता खाईल.”

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याबरोबर चालत होते. मान एकदाच वर केली. त्यांच्या कपाळावर जिथे कुंकू असे तिथली कातडी गोल आणि फिकट होती, बाकीच्या चेहऱ्याला लागलेलं ऊन तिला इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं. फाटकावर किसनमामानं ते पाहिलं आणि तोंडाला पंचा लावला.

दीर पडवीत येऊन बसले होते. प्रभानं त्यांना पाणी दिलं होतं, तो पेला तसाच हातात. बाईंना पाहून ते उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड फिरवलं. शेवटी भाऊच होता तो त्यांचा.

“अमावास्येला येते मी,” बाई म्हणाल्या.

“वहिनी, तुम्ही दगदग करू नका. गुरुजी सगळं करतील. पानं आणलेली आहेत, दर्भ आहे. पुतळा ते बांधून ठेवतील, तुम्ही नुसतं...”

“नाही. पुतळा मी येईपर्यंत बांधू नका.” बाईंनी त्यांना मधेच तोडलं. “तुम्ही धाकटे, तुम्हाला ते मोठेच वाटणार. गुरुजींनी त्यांना पाहिलेलंच नाही. माप चुकेल.”

त्यांनी हात उचलला आणि आपल्या मोकळ्या कपाळासमोर हवेत आडवा धरला.

“खांदा इथे यायचा त्यांचा,” त्या म्हणाल्या. “माझं कुंकू त्यांच्या सदऱ्याला लागायचं.”